शिरा हिरव्या, पान पिवळं

झाड पिवळं पडायला लागलं की आधी एकच बघायचं: जुनी पानं पिवळी पडताहेत की नवी? जुनी पडत असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही. झाड आपल्याच म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून पोरांना भरवत असतं. पण शेंड्याची कोवळी पालवीच पिवळी निघायला लागली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की समजायचं लोह कमी पडतंय. लोह म्हाताऱ्यांकडून पोरांना देता येत नाही. ते मुळांनीच आणावं लागतं, रोजचं रोज.

सातारच्या एका सोसायटीचे माळी सर्जेरावमामा हे सगळं तिथंच राहणाऱ्या अन्विताला समजावून सांगत होते, एप्रिलातल्या एका सकाळी, मुलांच्या घसरगुंडीशेजारच्या चेरीच्या झाडाखाली. अन्विताच्या कडेवर तिची दोन वर्षांची रेवा होती. एरवी खाली उतरायला धडपडणारी पोर हल्ली आईच्या खांद्यावर मान टाकून नुसती बघत राहायची.

मामांनी पानदर्शक एका पानाला टेकवला. बॅटरीएवढं ते यंत्र पानावर प्रकाश टाकायचं, परत आलेल्या प्रकाशावरून पानाची तब्येत ओळखायचं आणि गोड आवाजात औषध सांगायचं.

"लोह कमी आहे," यंत्रातली बाई म्हणाली. "मुळाशी लोहाची मात्रा दुप्पट करा."

"ऐका! तिसऱ्यांदा दुप्पट," मामा म्हणाले. "दुपटीची दुपटी, तिची दुपटी. उद्या मुळात लोखंडी कढई पुरा म्हणंल ही बया. आन् जेवढं घालावं तेवढं झाड जास्तच पिवळं."

"बाकीची सहा झाडं तर छान आहेत की."

"त्येच तर. न्हाऊन आल्यावानी हिरवीगार. ह्या सातव्यालाच काय धाड भरली कळंना."

रेवानं हात लांबवून एक पान धरलं. अन्विताचं लक्ष त्या बोटांकडे गेलं. पिवळ्या पानावर ती बोटं उठून दिसत नव्हती.

*

दहा दिवसांनी डॉक्टर इनामदार बाईंनी रेवाची खालची पापणी ओढून पाहिली. आत जिथं लाल असायचं तिथं दुधी होतं.

"मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार होतं. आज सात पूर्णांक सहा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "थेंब नियमानं देताय ना?"

"एकदाही चुकवलेले नाहीत."

"दुधातून नाही ना देत?"

"नाही हो. लिंबाच्या पाण्यातून देते. मी मायक्रोबायोलॉजीची आहे डॉक्टर, रेवा होईपर्यंत कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. एवढं कळतं मला."

"रागावू नका. विचारावं लागतं. जंत नाहीत, रक्तस्राव नाही, आहारही चांगला आहे." डॉक्टरांनी नोंदवही उलटली. "तुमच्या सोसायटीतलं हे या महिन्यातलं तिसरं मूल. पाण्याचा काही प्रश्न आहे का तिकडे? असो. आपण असं करू, लोहाची मात्रा दुप्पट करू."

अन्विताला यंत्रातली ती बाई आठवली.

"आणि दुप्पट करूनही कमीच झालं तर?" तिनं विचारलं.

"कमी कशाला होईल?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या.

*

ती घरी गेलीच नाही. रेवाला घेऊन तडक झाडाकडे आली. मामा शिडीवर होते. पिवळ्या झाडाची एकच फांदी, रस्त्याकडची, हिरवी दिसत होती.

"हे कसं झालं मामा?"

मामा चोरी पकडल्यासारखे हसले. "यंत्राला सांगू नका. मुळाला द्यायचं बंद केलं म्या. ह्या एका फांदीच्या पानांवर लोहाचं पाणी फवारलं, थेट. आठ दिवसांत रंग आला बघा." ते खाली उतरले. "म्हंजी झाडाला भूक हाय, खायची ताकदबी हाय. पर मुळापाशी कुणीतरी बसलंय ताई. आपण ताट वाढतो, आन् झाडाचा हात पोचायच्या आधीच कुणीतरी उचलून नेतंय."

"पण मग बाकीच्या सहा झाडांना कसं पोचतं? माती तीच, पाणी तेच."

मामा पानं चिमटीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "साहेबांना बोलू नका म्हंजी झालं. हे झाड कंपनीचं न्हाई."

साहेब म्हणजे अन्विताचा नवरा सोहम, सोसायटीचा सेक्रेटरी. तीन वर्षांपूर्वी त्यानंच ही झाडं एका कंपनीकडून आणली होती. डोंगरात, थंडीत फुलणारी चेरी सातारच्या उन्हात जानेवारीत गुलाबी व्हायची, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबायच्या.

"सातवं झाड टेम्पोच्या धक्क्यानं मुळासकट गेलं होतं," मामा सांगत होते. "मला लई वाईट वाटलं. त्याची एक काडी जपून ठेवली आन् महाबळेश्वरच्या रोपवाटिकेतून रानटी चेरीचा खुंट आणला. त्यावर कलम केलं. वरचं कंपनीचं, खालचं रानातलं. फुलं तीच, पानं तीच. कुणाला पत्ता लागला न्हाई. यंत्रालाबी न्हाई!" एवढं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचा अभिमान उमटून गेला. "आन् बाळंतिणीवानी जपलं त्याला. दर पंधरवड्याला जीवामृत दिलं. गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. कंपनीच्या झाडांना देऊ नका म्हणाले हुते, नाय दिलं. पर हे तर आपलंच लेकरू."

अन्वितानं डोळे मिटून घेतले. शेण, गूळ, बेसन. आणि त्या मातीत मूळमित्र.

मूळमित्र हे कंपनीच्या जिवाणूचं नाव. चेरीची मुळं आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीनं कुजतात; त्यावरचा तो उपाय होता. लोह सगळ्यांनाच लागतं, झाडाला, माणसाला आणि बुरशीलाही. बरेचसे जिवाणू लोह मिळवायला बारीकसे रेणू बाहेर सोडतात. चिमट्यासारखे ते रेणू मातीतलं लोह पकडून मालकाकडे परत येतात. कंपनीनं एका जिवाणूचा हा चिमटा हजारपट घट्ट केला. मुळांभोवतीचं सगळं लोह तो ओढून घेई आणि बुरशी उपाशी मरे. झाडानं मात्र मरू नये म्हणून कंपनीच्या झाडांच्या मुळांत त्या चिमट्याची किल्ली बसवलेली होती. ती मुळं चिमटा उघडत आणि लोह काढून घेत. शिवाय जिवाणू त्या मुळांतून पाझरणाऱ्या एका खास साखरेवरच जगे. दुसरीकडे गेला की मेला. शरीराच्या उबेत तर तासाभरातच. सोहमनं ते माहितीपत्रक तिला हौसेनं वाचून दाखवलं होतं.

मामांच्या कलमी झाडाच्या मुळांत किल्ली नव्हती. म्हणून ते पिवळं पडलं होतं. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. त्या मुळांतून खास साखरही पाझरत नव्हती, आणि तरी मूळमित्र तिथं जिवंत होता. मजेत होता. दर पंधरा दिवसांनी त्याला गूळ मिळत होता, आणि शेणातून गाईच्या आतड्यातले कोट्यवधी जिवाणू त्याच्या शेजारी येऊन बसत होते. जिवाणू शेजाऱ्यांकडून गुण उचलतात, वाटीभर साखर मागून आणावी इतक्या सहज. आतड्यात कसं राहायचं, उबेत कसं तगायचं, हे शिकवणारे शेजारी त्याला मामांनी बादल्या भरभरून आणून दिले होते.

आणि जानेवारीत याच झाडाखाली रेवाचं बोरन्हाण झालं होतं.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. कलमी झाड सगळ्यांत जास्त बहरलं होतं, म्हणून हीच जागा ठरली. रेवाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतले आणि रेवा धरून सोसायटीतली बारा मुलं ते वेचायला तुटून पडली. वेचायचं आणि तोंडात टाकायचं, ते तसंच असतं. खाली सतरंजी अंथरली होती. ती अन्वितानंच काढायला लावली होती.

"पाकळ्यांचा सडा दिसू दे गं फोटोत," ती म्हणाली होती.

*

कॉलेजच्या प्रयोगशाळेची किल्ली अजून तिच्या मैत्रिणीकडे असायची. अन्वितानं निळ्या जेलीच्या बशा तयार केल्या. त्या निळ्या रंगात लोह अडकवलेलं असतं. लोह कुणी ओढून नेलं की निळा रंग मोडतो आणि तिथं केशरी वर्तुळ उमटतं. चार बशा. पहिलीत कंपनीच्या झाडाखालची माती, दुसरीत कलमी झाडाखालची, तिसरीत फाटकाबाहेरची, चौथीत रेवाच्या डायपरमधला कणभर नमुना. चारही बशा तिनं शरीराच्या उबेवर ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कपाट उघडलं. पहिली बशी जवळपास निळीच होती. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे तिथला जिवाणू उबेत मेला होता. तिसऱ्या बशीत कुठं कुठं टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके होते, कुठल्याही मातीत असतात तेवढे.

दुसरी आणि चौथी बशी काठोकाठ केशरी होती. निळ्याचा मागमूसही नव्हता.

ती स्टुलावर बसली. म्हणजे गेला महिनाभर आपण लिंबाच्या पाण्यातून, चमच्यानं, 'एक काऊचा, एक चिऊचा' करत त्यालाच भरवत होतो.

*

डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले आणि थेंबांची बाटली टेबलाच्या खणात टाकली.

"त्या माळ्यानं फांदीला केलं तेच करायचं म्हणता? मुळाला वगळायचं?"

"आतड्याला वगळायचं. शिरेतून द्यायचं. रक्तात तो नाहीये, तिथं ते रेवालाच मिळेल."

"करता येईल. पण हा उपचार नव्हे, नुसतं जेवण वाढणं झालं. जिवाणू आत राहणारच, आणि साध्या प्रतिजैविकांना तो दाद देईल असं दिसत नाही. दर दोन महिन्यांनी यावं लागेल. किती वर्षं, ते मला विचारू नका." त्यांनी नमुना पुण्याला पाठवायला बांधून घेतला. "अहवालाला पंधरा दिवस लागतील. तोवर मी छातीठोकपणे काही बोलू शकत नाही. पण बाकीच्या मुलांच्या आयांना सांगून ठेवा, लोह तोंडावाटे देऊ नका म्हणावं. तुम्ही सांगता ना?"

"सांगते," अन्विता म्हणाली. तेव्हा ते तिच्या मनात खरंच होतं.

*

त्या रात्री कंपनीला फोन करून झाल्यावर सोहमनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग नेहमीच्या समंजस आवाजात बोलायला लागला, आणि त्या आवाजाचीच अन्विताला भीती वाटली.

"अनू, मी कंपनीशी बोललोय. त्यांची माणसं येताहेत. अहवाल येईपर्यंत पंधरा दिवस थांबा म्हणाले."

"तेवढ्या दिवसांत ती बारा मुलं..."

"अकरा. आपली सोडून. आणि त्यातली दोनच आजारी आहेत, हो ना? ती डॉक्टरकडे आहेतच. तू चार बशा बघितल्यास, अनू. स्वयंपाकघरात कढी फुटते तसा प्रयोगही फसतो कधी."

"फसलेला नाही."

"बरं, नाही फसला. मग सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिणार? की फडतऱ्यांनी झाडं आणली, फडतऱ्यांनीच बोरन्हाण घातलं, आणि आता फडतऱ्यांच्या मुलीच्या पोटात तो जिवाणू आहे?" तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "माझं जाऊ दे. मला शिव्या घालतील, खाईन. पण उद्यापासून रेवाला कोण जवळ घेईल? पाळणाघरात ठेवतील? कुणी आपल्या पोराला तिचा हात धरू देईल? हे नाव एकदा चिकटलं ना, की ती दहावीला गेली तरी सुटणार नाही."

अन्विताची नजर दारातून आत गेली. आतल्या खोलीत रेवा झोपली होती. तिच्या हाताच्या मागच्या बाजूला सलाईनच्या सुईची पट्टी होती, तिच्यावर नर्सनं पेनानं ससा काढून दिला होता.

"पंधरा दिवस," सोहम म्हणाला. "फक्त."

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. आणि ग्रुपवर काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मामांना कलमी झाडाभोवती पत्र्याचं कुंपण घालायला लावलं आणि जीवामृत बंद करायला सांगितलं. मामांनी कारण विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "माझ्या हातून काय झालंय का ताई?" ती म्हणाली, "नाही मामा." तिचं हे पहिलं खोटं. मग एकातून एक निघतच गेली. जिन्यात कुणी 'रेवा कशी आहे' विचारलं की 'बरंय, दात येताहेत.' पाळणाघरातून सुट्टी का, तर 'गावाला जायचंय.' दिवसभर ती खिडकीत उभी राहून खाली खेळणारी मुलं मोजायची. कोण धावतंय, कोण बसलंय. बसणारी वाढत होती.

*

अकराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला शेजारची मैथिली आली. सातवा महिना चालू होता तिला. मागे तिचा किआन, आईच्या ओढणीचा शेव धरून. सोहम आतल्या खोलीत कंपनीच्या माणसांशी फोनवर बोलत होता.

"अगं बाई! ही रेवाच ना?" मैथिली दारातच थबकली. "गाल बघ कसे झालेत! काय दिलंस तिला? खरं सांग हं. नाचणी? खजूर? की कुणाची दृष्ट काढलीस?"

रेवा खरंच आठवड्यापासून धावायला लागली होती. सोफ्यावर चढून तिनं किआनच्या हाताला ओढलं. तो उठला नाही. जमिनीवर फतकल मारून बसून राहिला.

"ह्याचं हिमोग्लोबिन बघ, आठवर आलंय. चौकातल्या डॉक्टरांनी दुप्पट औषध चालू केलंय कालपासून," मैथिली खुर्चीत टेकत म्हणाली. "आणि माझं साडेसात! बाळंतपणाच्या डॉक्टरबाई मलाच ओरडतात, गोळ्या खिडकीतून फेकतेस का म्हणून. तीन-तीन घेते गं रोज. जिना चढले की डोळ्यांपुढं काजवे."

"तुझं कसं कमी होईल?" अन्विताच्या तोंडून निघून गेलं. "तू कुठं बोरं वेचली होतीस?"

"कसली बोरं?"

अन्विता रेवाला सोफ्यावरून उतरवायला गेली.

"अन्विता, कसली बोरं? मी काही नाही वेचलं. तेव्हा तर मला मळमळीनं वाकवतही नव्हतं. पण त्यानं निम्मी चावून ठेवलेली मीच खाल्ली की. त्याचं ताटातलं उष्टं रोज मीच संपवते. तूही खातेस. सगळ्याच आया खातात."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बशा केल्या, ऊब मोजली, मुलं मोजली. आया मोजल्या नव्हत्या. पोटातली बाळंही नाहीत.

तिनं सांगून टाकलं. अडखळत, मागचं पुढं करत, पण सगळं. कलम, जीवामृत, सतरंजी, केशरी बशा. "गोळ्या आत्ता थांबव. किआनचं औषधही. तोंडावाटे जे घ्याल ते त्याला मिळतंय, तुम्हाला नाही. आजच दवाखान्यात जा, शिरेतून घ्यावं लागेल. मी येते बरोबर."

मैथिली ओरडली नाही. तिचा हात पोटावर होता, तो तिथंच राहिला.

"तुला कधी कळलं?"

"मैथिली..."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"गुरुवारी मी जिन्यात बसले होते. दम लागला होता म्हणून. तू माझी भाजीची पिशवी वर आणून दिलीस."

"हो."

"तेव्हा माहीत होतं."

"हो."

आतून सोहमचा आवाज येत होता, शांत, समंजस. "हो हो, अहवाल आल्याशिवाय आमच्याकडून काहीच जाणार नाही."

मैथिलीनं टीपॉयवरचा अन्विताचा फोन उचलून तिच्या हातात दिला. "ग्रुपवर लिही. माझ्यासमोर."

अन्विता लिहायला लागली. मुलांना आणि स्वतःला लोहाचं कुठलंही औषध तोंडावाटे देऊ नका, घेऊ नका. पत्र्याच्या कुंपणापाशी जाऊ नका. डॉक्टर इनामदारांना भेटा. मग कारण. मग तिनं लिहिलं, 'आम्हाला हे नुकतंच समजलं आहे.'

मैथिली तिच्या खांद्यावरून वाचत होती.

"नुकतंच खोड."

अन्वितानं खोडलं.

"अकरा दिवस लिही."

"मैथिली, रेवाला..."

"माहीत आहे रेवाला काय होईल. किआनलाही तेच होईल. लिही."

तिनं लिहिलं. 'मला अकरा दिवसांपासून माहीत होतं.' आणि पाठवलं.

सोहम दारात आला. त्याच्या हातातला फोन वाजला होता. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि चौकट धरून तिथंच उभा राहिला.

मैथिली उठायला गेली आणि डुगडुगली. अन्वितानं हात पुढं केला. मैथिलीनं तो पाहिला, भिंतीचा आधार घेतला आणि दुसऱ्या हातानं किआनला उभं केलं.

"दवाखान्यात आम्ही जाऊ," ती म्हणाली. "तू इथंच थांब. आता सगळ्या इथंच येतील."

खालच्या मजल्यावर एक दार उघडलं. मग समोरच्या इमारतीतलं. मग एकाच वेळी दोन. कुणीतरी गॅलरीतून अन्विताच्या नावानं हाक मारत होतं. जिन्यात चपलांचे आवाज सुरू झाले, दर मजल्यावर वाढत. अन्वितानं रेवाला कडेवर घेतलं आणि दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिली.